दीड ते तीन वर्षांच्या मुलाला घरी शिकवताना: काय आधी, काय नंतर

मूल दोन वर्षांचे झाले की घरात पहिली खरेदी होते ती भिंतीवर लावायच्या मुळाक्षरांच्या तक्त्याची. मग पेन्सिल येते आणि जेवताना मोबाइलवर आकड्यांची गाणी सुरू होतात. आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या वाडीत हे घरोघरी चालते आणि मीही तेच केले. मुलगी दोन वर्षांची असताना एका बालवर्गात ‘हिला पेन्सिल धरता येत नाही’ असे सांगण्यात आले. मी घाबरून तीन महिने रोज सकाळी तिला पेन्सिल धरायला लावली. शेवटी पेन्सिल दिसली की ती उठून पडवीत निघून जाऊ लागली. आता ती दोन वर्षे दहा महिन्यांची आहे. त्या तीन महिन्यांनंतर मी जो क्रम पाळला, तो पुढे सविस्तर दिला आहे. टप्प्यांची अदलाबदल करू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १: आठवडाभर फक्त पाहा आणि लिहून ठेवा

शिकवायला बसण्यापूर्वी मूल आज कुठे आहे हे माहीत हवे. साधी दोनशेपानी वही घ्या आणि सात दिवस, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे काहीही न सांगता मुलाकडे पाहा. ते कशाकडे स्वतःहून वळते, काय पुन्हा पुन्हा करते, काही हवे असल्यास कसे मागते आणि हाक मारल्यावर वळते का, एवढेच लिहा. ‘हुशार आहे’ किंवा ‘हट्टी आहे’ असे शेरे लिहू नका. ‘डब्याचे झाकण सहा वेळा काढले, लावता आले नाही, मला आणून दिले’ असे लिहा. अशा एका वाक्यातून पुढच्या महिन्याचे काम ठरते.

ही टिपणे वयाशी ताडून पाहायची असतील तर ढोबळ खुणा अशा आहेत. बहुतेक मुले दीड वर्षापर्यंत आधाराशिवाय चालतात, आई-बाबा यांखेरीज किमान तीन शब्द बोलतात, आवडलेली वस्तू बोटाने दाखवतात आणि हातवारे न करता सांगितलेली एक साधी सूचना पाळतात. दोन वर्षांपर्यंत ती दोन शब्द जोडतात आणि विचारल्यावर शरीराचे दोन तरी अवयव दाखवतात. अडीच वर्षांपर्यंत पन्नासच्या आसपास शब्द येतात, दोन्ही पायांनी उडी मारता येते आणि पुस्तकाचे पान एकेक करून उलटता येते. गरोदरपणात मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड लसीकरण संपले की बहुतेक घरांत कपाटात जाते, पण त्यातही वयानुसार विकासाच्या खुणा दिलेल्या असतात. ते बाहेर काढा.

*तपासा:* मूल पाठमोरे असताना, त्याला आपण दिसत नसताना, हळू आवाजात नाव घ्या. सर्दी नसताना तीन वेगवेगळ्या दिवशी ते वळले नाही, तर पुढचा एकही टप्पा सुरू करण्यापूर्वी कान तपासून घ्या. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येऊ शकते, आणि घरात मात्र ते ‘ऐकत नाही’ म्हणून ओरडा खाते.

टप्पा २: घर मुलाच्या उंचीवरून तयार करा

ही पायरी टाळली की दिवसभर ‘हात लावू नको’ हेच वाक्य मुलाच्या कानावर पडते आणि त्यातून ते फारसे काही शिकत नाही. म्हणून ओटीवर, माजघरात आणि स्वयंपाकघरात स्वतः जमिनीवर बसा. तिथून जे हाताला येते ते सर्व मुलाच्या हाताला येणार आहे असे धरून आवराआवर करा.

आपल्याकडच्या घरांत काही धोके वेगळे आहेत. विहिरीला कठडा असला तरी लोखंडी जाळी हवी. न्हाणीतल्या बादलीत आणि घमेल्यात वीतभर पाणीही या वयाच्या मुलाला बुडवू शकते, त्यामुळे वापर झाला की भांडी पालथी घालावीत. काजूच्या हंगामात ओल्या काजूबिया खळ्यात पसरलेल्या असतात. त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून त्या दिवसांत खळ्याचा तो भाग बंद ठेवावा. लाल-काळ्या गुंजा खेळायला देऊ नयेत, त्या चावल्या गेल्यास विषारी असतात. चिऱ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत मुलाला हात घालू देऊ नये, कारण तिथे विंचू आणि फुरसे असू शकते. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरते, ते खराट्याने घासून काढावे. रिमोट आणि खेळण्यांतील चपट्या गोल बॅटऱ्या कुलपात ठेवाव्यात. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

*सावधान:* अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेल्या वर्तुळातून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाला एकटे असताना देऊ नये. सुपारी, चिंचोके, जांभळाच्या बिया, शेंगदाणे, अख्खे काजू आणि किनाऱ्यावरून आणलेले लहान शंख-शिंपले या सगळ्यांना हा नियम लागू आहे.

धोके हलवल्यानंतर एक खालची फळी मुलाची करा. त्यावर चार किंवा पाचच वस्तू ठेवा: दोन करवंट्या, झाकणाचा डबा, लाकडी डाव, एक चित्रांचे पुस्तक, फडके. जास्त वस्तू ठेवल्या तर मूल सगळ्या खाली ओतते आणि एकाही वस्तूशी रमत नाही. पंधरवड्याने दोन वस्तू बदला. महाग खेळणी लागत नाहीत, हे मी पैसे खर्च केल्यानंतर सांगत आहे.

टप्पा ३: शिकण्याची वेगळी वेळ काढू नका

अंघोळ, जेवण, कपडे घालणे, संध्याकाळी अंगणात बसणे आणि झोपताना, या पाच वेळा रोज येतातच. त्यांतील दोन निवडा आणि त्या वेळी घाई नसेल अशी व्यवस्था करा. ठरावीक वेळी ठरावीक शब्द कानावर पडले की मूल पुढचा शब्द आधीच ओळखू लागते. अभ्यासाला म्हणून मांडी घालून बसवू नका.

टप्पा ४: बोलणे: पाहा, नाव द्या, थांबा, वाढवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर किमान दोन महिने राहावे.

आपली सवय प्रश्न विचारण्याची आहे. ‘हे काय आहे? याचा रंग कोणता? गाय कशी ओरडते?’ पाहुणे आले की हे प्रश्न आणखी वाढतात. यात मुलाला नवे काही मिळत नाही. जे आधीच येते त्याचीच परीक्षा होते, आणि न येणाऱ्या मुलाला गप्प राहण्याची सवय लागते. त्याऐवजी चार गोष्टी याच क्रमाने करा.

*पाहा.* मूल कशाकडे पाहत आहे ते आधी पाहा आणि त्याच वस्तूविषयी बोला. ते कोंबडीकडे पाहत असताना आपण त्याचे तोंड पुस्तकाकडे वळवले, तर कोंबडीही जाते आणि पुस्तकही.

*नाव द्या.* एक छोटे, पूर्ण वाक्य बोला: ‘कोंबडी दाणे टिपते.’ ‘भूभू’, ‘मंमं’ चालतील, पण त्यांना जोडून खरा शब्दही द्यावा.

*थांबा.* इथे बहुतेक जण चुकतात. वाक्य बोलून झाल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजा आणि मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत राहा. लहान मुलाला ऐकलेले समजून घ्यायला आणि तोंडाची जुळवाजुळव करायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आपण तिसऱ्या आकड्यालाच पुढचे वाक्य बोललो की त्याची तयारी मोडते.

*वाढवा.* मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्दांची भर घालून ते परत द्या. चुकीचा उच्चार दुरुस्त करू नका, योग्य उच्चार आपल्या वाक्यात सहज येऊ द्या.

गेल्या जुलैतली एक गोष्ट सांगते. पाऊस उघडला होता आणि पडवीच्या ओल्या चिऱ्यावर एक गोगलगाय वर चढत होती. मुलगी उकिडवी बसून पाहत होती. मी सवयीने विचारले, ‘काय आहे ते? कसे चालते?’ ती उठली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर गोगलगाय पुन्हा दिसली. या वेळी मी शेजारी बसले, ‘गोगलगाय वर चालली’ एवढेच म्हटले आणि मोजू लागले. मुलीने बोट पुढे नेले, गोगलगायीने शिंगे आत ओढली, मुलीने माझ्याकडे पाहिले. मी आठपर्यंत आले होते. ती म्हणाली, ‘लपली.’ मी म्हटले, ‘हो, शिंगे आत घेऊन लपली.’ पुन्हा शांतता. मग ती स्वतःहून म्हणाली, ‘शिंग लपली.’ मी न शिकवलेले, तिचे स्वतःचे असे दोन शब्दांचे हे पहिले वाक्य. गोगलगायीला हात लावल्यावर हात मात्र साबणाने धुवावेत.

*घरातल्या दोन भाषांविषयी.* आमच्याकडे आजी मालवणीत बोलते, मी प्रमाण मराठीत. ‘मूल गोंधळेल’ म्हणून आजीला मालवणी बंद करायला सांगणारी घरे मला माहीत आहेत. असे करू नये. दोन भाषा किंवा दोन बोली ऐकल्याने मूल उशिरा बोलते हे खरे नाही. उलट, आजीला न येणाऱ्या भाषेत बोलायला लावले की तीच कमी बोलू लागते, आणि मुलाच्या वाट्याची सर्वांत जास्त वाक्ये जातात. शब्द मोजताना मात्र दोन्हींतले शब्द धरावेत: आजीची ‘वाडवण’ आणि आईचा ‘झाडू’ हे दोन शब्द झाले. मूल ‘माका दूध हवं’ असे मिसळून बोलले तर ते दोन शब्दांच्या पुढे गेले आहे, एवढेच वहीत लिहावे.

*तपासा:* मोबाइलवर दहा मिनिटांचे आपलेच बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐका. आपल्या वाक्यांत प्रश्न आणि हुकूम निम्म्याहून जास्त असतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. माझ्या पहिल्या मुद्रणात मी एकदाही थांबले नव्हते.

टप्पा ५: हात घरकामात घाला, पेन्सिल नंतर

पेन्सिल धरणारी तीन बोटे तयार होण्याआधी खांदा, कोपर आणि मनगट तयार व्हावे लागते. म्हणून मोठ्या हालचालींकडून लहान हालचालींकडे या क्रमाने जावे.

१. *उचलून नेणे.* सोललेला नारळ दोन्ही हातांनी स्वयंपाकघरात नेणे, रिकामी रोवळी आणून देणे, वाळलेले कपडे दोरीखालून उचलणे. वजन असलेल्या वस्तू मुलांना आवडतात आणि त्यातून खांद्याला ताकद येते.

२. *ओतणे.* करवंटीने तांदूळ एका पातेल्यातून दुसऱ्यात टाकणे आधी, पाणी नंतर. तांदूळ सांडले तर गोळा करता येतात, आणि गोळा करणे हेही काम आहे. खाली जुने लुगडे अंथरा. पाण्याकडे आल्यावर तांब्या अर्धाच भरा. पूर्ण भरलेला तांब्या लहान हाताला पेलत नाही, पाणी सांडते, आपण ओरडतो आणि काम तिथेच संपते. तांदूळ नाकात जाऊ शकतात, त्यामुळे या कामात मुलाला एकटे सोडू नका.

३. *पिळणे आणि दाबणे.* ओले फडके पिळणे, भाकरीच्या पिठाचा गोळा थापणे, किनाऱ्यावर ओल्या वाळूचे गोळे करणे. मनगट इथे तयार होते.

४. *उघडणे आणि लावणे.* डब्याची झाकणे, चपलांच्या जोड्या, कपड्यांचे चिमटे.

५. *रेघा.* आता खडू द्या, तोही जाड आणि तुटका. तुकडा आखूड असला की बोटे आपोआप नीट धरतात. खळ्यातल्या जमिनीवर उकिडवे बसून किंवा उभ्या फळ्यावर, मोठ्या रेघा. अक्षरे काढून घेऊ नका. तीन वर्षांच्या सुमारास, आपण काढून दाखवल्यावर, मूल गोल काढू लागते.

अंगावरची कामे शिकवताना उलटी रीत वापरा. चड्डी घालण्याचे काम चार तुकड्यांत मोडा: पकडणे, एक पाय, दुसरा पाय, वर ओढणे. पहिले तीन तुकडे आपण करा आणि शेवटचा, वर ओढण्याचा, मुलाला द्या. तो जमला की शेवटचे दोन द्या. पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली तर मूल मध्येच अडकते आणि काम आपणच पुरे करतो. शेवटून सुरुवात केली तर काम रोज मुलाच्याच हातून पुरे होते. बटणे, चप्पल, हात धुणे, सर्वांना हीच रीत चालते.

*सावधान:* घाईत असाल त्या दिवशी हे करू नका. सकाळची एसटी पकडायची असताना मुलाच्या हातात चड्डी देऊन दोन मिनिटांनी ती ओढून घेणे हे न देण्यापेक्षा वाईट.

शी-शूची सवय याच काळात येते. कपडे काही तास कोरडे राहणे, ओले झाल्याचे स्वतः सांगणे आणि चड्डी खाली ओढता येणे, या तिन्ही खुणा दिसल्यावर सुरुवात करा. आमच्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये कपडे वाळत नाहीत, म्हणून मी दिवाळीनंतर सुरू केले. घाई नसेल तर तसेच करावे.

टप्पा ६: चित्रे आणि गाणी

पुस्तक ‘वाचून पुरे’ करायचे नसते. मूल ज्या पानावर थांबेल तिथे थांबा, टप्पा ४ मधल्या चार गोष्टी करा, आणि तेच पुस्तक महिनाभर मागितले तरी तेच द्या. दमट हवेने पुस्तकांना बुरशी येते, म्हणून मी पुठ्ठ्याच्या आठ तुकड्यांवर घरातल्याच गोष्टींचे फोटो चिकटवले, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि सुतळीने बांधले: आजी, विहीर, आमचे मांजर, बंदरावरची होडी, भाताची लोंबी. विकतच्या पुस्तकातल्या सफरचंदापेक्षा या पुस्तकावर ती कितीतरी जास्त बोलते.

बडबडगीत म्हणताना ओळीतला शेवटचा शब्द गाळा आणि थांबा. तो शब्द मूल भरते.

टप्पा ७: मोबाइल

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना, म्हणजे एक वर्षाच्या मुलालाही, पडदा देऊ नये, आणि दोन ते चार वर्षांत तो दिवसाला एक तासाहून अधिक नसावा, जितका कमी तितका बरा. त्याच मार्गदर्शनात या वयाला दिवसभरात किमान तीन तास हालचाल सांगितली आहे. जेवताना मोबाइल ही सर्वांत आधी मोडायची सवय आहे. ती हळूहळू सुटत नाही. मी सुट्टीचे तीन दिवस धरून एकदम बंद केली. पहिले दोन दिवस ती फार कमी जेवली, तिसऱ्या दिवशी पेज मागून घेतली.

मुंबईला असलेल्या बाबांशी व्हिडिओवर बोलणे यात मोडत नाही, कारण समोरचा माणूस उत्तर देतो. मात्र त्यातही परीक्षा नको. ‘ए बी सी म्हणून दाखव’ असे न म्हणता बाबांनी रोज एक वस्तू दाखवावी, डबा, छत्री, लोकलचा पास, तिचे नाव सांगावे आणि थांबावे. मुलानेही एक वस्तू दाखवावी. पाच मिनिटे पुरतात.

टप्पा ८: अक्षरे कधी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिलीत जाण्याचे वय पूर्ण सहा वर्षे आहे आणि त्याआधीची तीन वर्षे पूर्वप्राथमिक आहेत. म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलाचे लेखन राहून गेले असे म्हणायला जागाच नाही. तक्ता आधीच लावला असेल तर काढून ठेवा.

टप्पा ९: थांबायचे नाही अशी लक्षणे

वरचे सर्व करत असताना पुढीलपैकी काही दिसले तर ‘बाप पण उशिराच बोलला होता’ हे उत्तर कोणाकडूनही स्वीकारू नका: दीड वर्षाचे मूल चालत नाही किंवा बोटाने काही दाखवत नाही, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नाही, नजरेला नजर देत नाही किंवा नावाला वळत नाही. आधी येत असलेले शब्द किंवा कौशल्य कोणत्याही वयात गेले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

पहिली भेट अंगणवाडी सेविकेची किंवा आशाताईंची घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतात, त्यांची तारीख विचारून ठेवा, पण तारीख लांब असेल तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवण्याची सोय आहे, आणि या कार्यक्रमातील तपासणी व उपचार मोफत आहेत.

जाताना टप्पा १ ची वही बरोबर न्या. ‘बोलत नाही हो’ असे सांगितले की तपासणारा माणूसही अंदाजच बांधतो. ‘मार्चमध्ये सहा शब्द होते, मेमध्येही सहाच आहेत, पाठीमागून हाक मारल्यावर तीनपैकी दोनदा वळत नाही’ असे वाचून दाखवले की तपासणी नेमकी कानापासून सुरू होते. मूल त्या अनोळखी खोलीत एक शब्दही बोलणार नाही, हे गृहीत धरून घरी खेळतानाचे त्याचे दोन मिनिटांचे चित्रीकरणही मोबाइलमध्ये ठेवा.